मुलाशी बोलणं तुटलंय, तो बिघडत चाललाय: आईनं आधी काय करायचं आणि मग काय

सोसायटीत, भिशीत, ऑफिसात डबा खाताना, कुठंही हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "सगळं करून बघितलं हो, काही फरक नाही." काय काय केलं विचारलं की यादी निघते: मामाला बोलावून समज दिली, गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली, मोबाईल काढून घेतला, दोन दिवसांनी परत दिला, कर्ज फेडलं, परत फेडलं, आणि आता स्थळं बघतोय. यातलं थोडं मुळातच चुकीचं आहे, पण बरंचसं बरोबर आहे आणि वेळेआधी केलेलं आहे. नियम लावायचे असतातच, पण बोलणं सुरू व्हायच्या आधीच लावले. डॉक्टरकडं न्यायचंच होतं, पण भांडणाच्या भरात "चल तुला वेड्याच्या डॉक्टरकडं नेते" असं बोलून तो रस्ता आपणच बंद केला. म्हणून इथं सगळा भर क्रमावर आहे.

हे कोणासाठी: मुलगा अठराच्या पुढचा, घरीच आहे नाहीतर पुण्यातच रूम करून राहतोय, दारू किंवा गांजा, बेटिंग, ॲपवरची कर्जं, सुटलेली नोकरी, एमपीएससीचे अटेम्प्ट, यातलं एक किंवा सगळंच एकत्र, आणि आईशी बोलणं म्हणजे एकतर भांडण नाहीतर नुसतं "हं". मुलगा अठराच्या आतला असेल तर काही गोष्टी वेगळ्या होतात, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, तिथं आधी बोला.

१. आधी बघा, आज कुणाच्या जिवाला धोका आहे का

बाकी सगळं याच्या नंतर. इथं "हो" असेल तर खालच्या पायऱ्या सध्या बाजूला ठेवा.

तो मरायच्या गोष्टी करतोय का? "मी नसलेलाच बरा" असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, जुन्या मित्रांना एकदम निरोप घेतल्यासारखे मेसेज. शंका आली तर आडून आडून नको, सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का रे?" विचारल्यामुळं विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे, बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचं बरंच वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली औषधं, उंदराचं औषध, गावाकडनं आणून ठेवलेलं फवारणीचं औषध घराबाहेर काढा, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला फोन करा, १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. काही करून बसलाच असेल तर १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ (पोलीस आणि तातडीची मदत). पोलीस केस होईल या भीतीनं लोक तासन् तास घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो, त्याला उपचार द्यायचे असतात.

दारू रोज आणि सकाळपासून आहे का? सकाळी हात थरथरतात, घोट घेतला की थांबतात, असं असेल तर त्याला खोलीत कोंडून अचानक दारू बंद करू नका. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, ताप, आणि हे जिवावर बेतू शकतं. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

त्याला कुणीतरी बोलल्याचे आवाज येतात का, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं का, रात्र रात्र झोप नाही आणि एकटाच बडबडतो असं आहे का? मग "असं काही नसतं" म्हणून वाद घालू नका आणि खरं आहे असंही म्हणू नका, "तुला त्रास होतोय ते दिसतंय मला" एवढंच म्हणा आणि थेट पायरी ७ वर जा. बाहेरचं बघणं, अंगारा, उतारा यात महिने गेले की आजार जुना होतो आणि मग बरं व्हायलाही जास्त वेळ लागतो.

तो हात उचलतो का? त्या क्षणी समजवायचं नाही, खोलीतून बाहेर पडायचं, दाराबाहेर, जिन्यात, शेजारी, आणि ११२. आईलासुद्धा २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मोठ्या मुलाविरुद्ध संरक्षण मागता येतं, हा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नाहीये. पुणे पोलिसांचा भरोसा सेल यासाठीच आहे. तक्रार दिली म्हणजे मुलगा तोडला असं होत नाही.

⚠ थांबा: भिंतींवर, रिक्षांवर जाहिराती असतात, "पेशंटला न कळत दारू सोडवा", चहात नाहीतर भाजीत पावडर घालायची. घालू नका. अशा पुडीत काय असतं ते तुम्हाला माहीत नसतं, आणि त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि तो वरून प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली. हे औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी अशी रिॲक्शन देऊ शकतं. डॉक्टर हे देतात ते पेशंटला सगळं सांगून, त्याच्या मर्जीनं. आणि त्याला कळलं की आई जेवणात काहीतरी घालते, तर तो घरी जेवायचाच बंद होतो, हेही आहेच.

२. आठवडाभर काही न बोलता बघा आणि लिहा

एक साधी वही घ्या, ती त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. रोज दोन-तीन ओळी. झोपला कधी, उठला कधी, जेवला का, बाहेर कधी गेला, पैसे मागितले का, किती, कशाला, भांडण झालं तर नेमकं कशावरून सुरू झालं.

इथं सगळ्यांची गाडी अडते ती एका गोष्टीवर. वहीत "आळशी झालाय", "उद्धट झालाय", "बापावर गेलाय" असलं येतं. यातलं काहीच तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं नाही, ही मतं आहेत. "पहाटे चारला दिवा बंद केला, दुपारी दोनला उठला, दोन दिवस अंघोळ नाही" हे बघितलेलं आहे, आणि पुढं डॉक्टरला हेच लागतं.

आठवड्यानं वही वाचलीत की साधारण दिसायला लागतं. संध्याकाळ झाली की अस्वस्थ, पैसे गायब, ठराविक मित्र, म्हणजे व्यसनाकडं बघायचं. मॅच असली की खोलीचं दार बंद आणि नंतर दोन दिवस तोंड पडलेलं, अनोळखी नंबरवरून सारखे फोन, म्हणजे बेटिंग आणि कर्ज. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला पण त्यानं सवय सुटते असं नाही, ती दुसरीकडं जाते. झोप, भूक, अंघोळ सगळंच बिघडलंय, मित्रही तुटलेत, पूर्वी आवडायचं त्यात रस नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, म्हणजे डिप्रेशन तपासून घ्यायला हवं, आणि याला घरोघरी "आळस" म्हणतात.

एमपीएससीवाल्यांबद्दल वेगळं सांगायला हवं कारण सदाशिव पेठ, नारायण पेठेच्या अभ्यासिकांमधून अशी मुलं बरीच आहेत. खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, म्हणजे थांबायचं कधी हे बाहेरून कुणी सांगत नाही. निकाल गेला की तो गावी फोन करायचा टाळतो, सणाला येत नाही, "क्लास आहे" म्हणतो. आईला वाटतं मुलाला माज आला. बऱ्याचदा नुसती लाज असते, की आई-बापांनी खोलीभाडं आणि मेसचे पैसे पाठवले आणि दाखवायला काही नाही.

⚠ फोन तपासू नका, बॅग उचकू नका. सापडलं तरी तुम्ही ते वापरू शकत नाही, कारण वापरलंत की पुढचा विषय "तू माझा फोन का बघितलास" हाच होतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं.

३. घरातल्या बाकीच्या माणसांना एका ओळीत आणा

ही पायरी सगळे गाळतात. आई ठरवते पैसे द्यायचे नाहीत, आजी पेन्शनमधले पाचशे हळूच हातात ठेवते, "लेकरू आहे". बाबा सहा महिने एक शब्द बोलत नाहीत आणि मग एका रात्री सगळं एकदम बोलतात. आत्या फोनवर विचारते, "काय म्हणतोय तुमचा हिरो?" आणि तो स्पीकरवर ऐकतो. मोठी बहीण जावयासमोर सांगते. असं असताना तुम्ही कितीही नीट बोललात तरी त्याला घरात पाच वेगवेगळी घरं दिसतात.

तो घरात नसताना बसा. सगळ्या नात्यात मीटिंग नको, जे रोज घरात आहेत तेवढेच. तीनच गोष्टी ठरवा. रोख पैसे कोण देणार (एकच माणूस). त्याच्याशी या विषयावर कोण बोलणार (एकच माणूस, आणि ती आईच असावी असं काही नाही, काही घरांत काका बरे पडतात). आणि बाहेर कोणाला काय सांगायचं, म्हणजे "सध्या त्याची तब्येत बरी नाही" हे एकच वाक्य, सगळ्यांच्या तोंडी तेच.

बाबांशी आधी स्वतंत्र बोला. बरेच बाबा याला आईनं लाडावल्याचा परिणाम समजतात आणि बऱ्याच आया बाबांच्या रागाचा परिणाम समजतात, आणि मुलगा दोघांच्या मधून निसटतो. कोणामुळं झालं हे आत्ता ठरवायचं नाही, पुढचे तीन महिने कोण काय करणार एवढंच ठरवा. आजीला समजवायला वेळ लागतो, तिला "देऊ नका" म्हणण्यापेक्षा "तुमच्याकडे मागितले तर 'आईला विचार' म्हणा" हे वाक्य द्या, तिला नाही म्हणावं लागत नाही आणि काम होतं.

आणि लग्न. लग्न केलं की जबाबदारी येईल, सुधारेल, हा विचार कुणी मांडला की तिथंच थांबवा. तुमचा मुलगा सुधारायचं काम एका परक्या मुलीच्या गळ्यात घालणं हा तिच्यावर सरळ अन्याय आहे, आणि वर तो सुधारतही नाही, फक्त लपवायला अजून एक माणूस वाढतं. बायोडेटा कपाटात राहू दे.

✔ तपासा: त्यानं आज घरातल्या प्रत्येकाकडं वेगवेगळे दोनशे रुपये मागितले तर सगळ्यांचं उत्तर एकच येईल का? येत नसेल तर पायरी ४ वर जाऊ नका.

४. पहिलं बोलणं: लहान, आणि काहीही न मागता

आता बोलायचं. पण ज्या बोलण्याची तुम्ही तयारी केलीय ते हे बोलणं नाही. ते दारूबद्दल, नोकरीबद्दल, कर्जाबद्दलचं सगळं पुढच्या पायऱ्यांत येतं. पहिल्या बोलण्यात त्याला फक्त एवढं कळायला हवं की आईशी बोललं तर प्रत्येक वेळी तपासणी होत नाही.

वेळ: तो प्यायलेला असताना नाही, उठल्या उठल्या नाही, मॅच चालू असताना नाही, घरात गौरी-गणपतीचे पाहुणे असताना तर अजिबातच नाही, आणि रात्री अकरानंतर पण नाही कारण तेव्हा तुम्ही स्वतः थकलेल्या असता आणि तोंडातून नको ते जातं.

जागा: समोरासमोर सोफ्यावर बसवू नका, ती कोर्टाची मांडणी होते. शेजारी शेजारी चालताना किंवा हात कामात असताना मुलं जास्त बोलतात. तळजाईला, वेताळ टेकडीवर सकाळी नाहीतर संध्याकाळी चालायला, मंडईत भाजी उचलायला सोबत, वनाजहून मेट्रोनं कुठं जायचं असेल तर त्या प्रवासात. "बोलायचंय" म्हणून नेऊ नका, पिशव्या धरायला म्हणून न्या. टू-व्हीलरवर मागं बसून मात्र बोलू नका, अर्धं ऐकू येत नाही आणि सिग्नलला थांबल्यावर आख्ख्या चौकाला ऐकू येतं.

काय बोलायचं: वहीतली एक गोष्ट, आणि तुम्हाला काय वाटलं ते, बास. "अरे, या आठवड्यात तू रात्री झोपत नाहीयेस असं दिसलं मला. काळजी वाटली. आत्ता सांगायचं नसेल तर नको सांगूस." आणि मग गप्प. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, आपल्याला शांतता सहन होत नाही, लगेच पुढचं वाक्य येतं, आणि ते पुढचं वाक्य जवळपास नेहमीच सल्ला असतो.

तो काहीच बोलला नाही तरी ठीक. "हं" म्हणाला तरी ठीक. विषय बदला, कोथिंबिरीची जुडी केवढ्याला ते बोला, घरी या. दोन-तीन दिवसांनी परत असंच काहीतरी छोटं.

ही वाक्यं तोंडावर आली तर गिळा:

- "तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं." याला उत्तरच नाही, म्हणून तो ओरडतो नाहीतर उठून जातो.
- "समोरच्या बिल्डिंगमधल्याचं पॅकेज माहितीये का?" त्याला तुमच्याआधी माहीत असतं.
- "मी मेले म्हणजे कळेल तुला."
- "माझी शपथ घे." शपथ घेतली की पहिल्यांदा घसरल्यावर त्याला तुमच्याशी खोटं बोलणं भाग पडतं, कारण आता नुसती दारू राहिली नाही, आईच्या जिवाशी खेळ झाला. व्यसन आहे तिथं घसरणं होतंच. शपथेनं फक्त ते सांगायची वाट बंद होते.
- "बरं मग तुझं काय ठरलं?" पहिल्याच बोलण्यात ठरवायला लावू नका.

तो वेगळा राहतो, फोन उचलत नाही, असं असेल तर दिवसात दहा कॉल करू नका. आठवड्यातून दोनदा, ठराविक वारी, एक छोटा मेसेज, ज्यात प्रश्नचिन्ह नाही. "आज मोदक केले, तुझी आठवण आली. बुधवारी परत मेसेज करते." आणि बुधवारी करा. निळी टिक आली आणि उत्तर नाही आलं तरी "बघितलंस ना, मग उत्तर द्यायला काय होतं" हे पाठवू नका. त्याच्या रूमवर न सांगता थडकणंही नको, रूममेटसमोर त्याची लाज निघते आणि तो रूम बदलतो, मग पत्ताही जातो. जिवाची शंका असेल तर अर्थात हे सगळं बाजूला, तेव्हा रूममेटला फोन, ११२, जे लागेल ते.

✔ तपासा: आठवड्यात एकदा तरी असं झालं का की तो खोलीत आला आणि तुम्ही काही विचारलं नाहीत, आणि तो दोन मिनिटं जास्त थांबला? झालं असेल तर पुढं चला. नसेल तर इथंच राहा, महिना गेला तरी.

५. तो बोलायला लागला की

एक दिवस तो बोलेल, बहुतेक नको त्या वेळी, तुम्ही कुकर लावत असताना. गॅस बारीक करा आणि ऐका.

बहुतेक वेळा सुरुवात तुमच्यावरच्या आरोपानं होते. बारावीला जबरदस्तीनं सायन्स घ्यायला लावलं, त्या मुलीबद्दल काय बोलला होतात, बाबांनी सगळ्यांसमोर मारलं तेव्हा तू गप्प होतीस. तुमच्याकडे यातल्या प्रत्येकाचं उत्तर असतं आणि काही उत्तरं खरीही असतात. आज देऊ नका. "हे तुझ्या मनात इतकी वर्षं होतं हे मला माहीत नव्हतं" एवढं पुरतं. जे खरंच चुकलं असेल ते एका वाक्यात मान्य करा, रडून नको, कारण आई रडायला लागली की मुलाला स्वतःचं सोडून तिचं सांभाळावं लागतं.

आणि त्यानं सांगितलेलं त्याच संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगू नका. भिंती पातळ असतात.

६. पैसा: बोलण्यापासून वेगळा काढा

पैशाचं बोलणं आणि मनाचं बोलणं एकाच दिवशी करू नका, नाहीतर त्याला वाटतं आई गोड बोलत होती ती हिशोबासाठी. पण पायरी ५ नंतर फार लांबवूही नका.

क्रम असा.

आधी स्वतःचं बंद करा, त्याला न दुखावता, गाजावाजा न करता. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. एटीएमचा पिन कालनिर्णयाच्या मागं लिहिलेला असतो तो खोडा आणि पिन बदला. बाबांच्या फोनचं लॉक आणि यूपीआयचा पिन बदला, बऱ्याच घरांत मुलानंच ते सेट करून दिलेलं असतं. भांडणाच्या काळात फ्लॅट, जमीन, काहीही त्याच्या नावावर करू नका, बक्षीसपत्र तर नकोच. कधी करायचंच झालं तर वकिलाकडून "हा आम्हाला सांभाळेल" ही अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या, २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सांभाळ न केल्यास असा दस्त रद्द करायची सोय आहे ती त्या अटीच्या जोरावर.

मग कर्जाची यादी. त्यानं स्वतः बसून लिहायची, तुम्ही शेजारी. सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो त्यानं त्याच्या फोनवरून काढायचा, त्यात बँक आणि नोंदणीकृत कंपन्यांची कर्जं दिसतात. मित्रांकडचे उसने, बुकीचे, पानपट्टीवाल्याचे त्यात दिसत नाहीत, ते वेगळ्या कागदावर. पहिल्या यादीत सगळं येत नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर अजून एक-दोन निघतात, चिडू नका, अपेक्षितच ठेवा.

यादी पूर्ण व्हायच्या आधी एक रुपया फेडू नका. सगळ्यात जास्त पैसा इथं बुडतो. एक फोन येतो, धमकी येते, आई घाबरून एफडी मोडते, ते एक कर्ज मिटतं, बाकीची आठ तशीच, आणि मोकळ्या झालेल्या लिमिटवर तो नववं काढतो.

सज्ञान मुलाच्या कर्जाला आई-वडील जबाबदार नसतात, तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तरच. आता कुठंही सही करू नका. वसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाईकांना फोन करून बदनामी करता येत नाही. खोटे फोटो बनवून पाठवायची धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाईनवर कळवा, आणि नातेवाईकांना तुम्हीच आधी एक मेसेज टाका की असे फोन आले तर उचलू नका. तुम्ही आधी सांगितलंत की धमकीतला दमच जातो.

रोजचा खर्च: जेवण, राहणं, औषध, डॉक्टर घरातून. रोख नाही. पास लागला तर पीएमपीएमएलचा पास काढून द्या, मोबाईलचं रिचार्ज तुम्ही मारा. आणि हे त्याला एकदाच, शांतपणे, बाबांसमोर सांगा. "पैसे देत नाही याचा अर्थ तू नकोस असा नाही" हे शब्द वापरायला लाजू नका.

⚠ दिलेला नियम पहिल्या पंधरा दिवसांत मोडायला लावणारा प्रसंग येतोच, बहुतेक रात्री साडेदहाला, "आत्ताच्या आत्ता पाच हजार दे नाहीतर ते येतील." उत्तर: "आत्ता देत नाही. उद्या सकाळी यादी घेऊन बसू." त्या रात्री खरंच कुणी दारात आलं तर ११२. दार उघडून वाटाघाटी करत बसू नका.

७. डॉक्टरपर्यंत नेणं

"तू वेडा नाहीस, पण" अशी सुरुवात नको, त्यात वेडा हाच शब्द ऐकू येतो. त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतोय तिथून सुरू करा. झोप येत नाही ना, मग झोपेसाठी दाखवू. ॲसिडिटी, धडधड, वजन, काहीही चालेल. फॅमिली डॉक्टर चांगले असतील तर आधी तेच, त्यांच्या चिठ्ठीवर पुढं.

कुठं: ससूनला मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, गर्दी असते, पण खिशाला परवडतं. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय फक्त भरती करायचं ठिकाण आहे असं लोकांना वाटतं, तिथं ओपीडीतही दाखवता येतं. व्यसनासाठी येरवड्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, घरच्यांनी आधी एकटं जाऊन चौकशी केली तरी चालते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या पुण्यात मराठी मीटिंगा होतात, फुकट असतात, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. मुलगा तयार नसला तरी आईनं तिथं जायला हरकत नाही, किंबहुना तो तयार व्हायची वाट न बघता जावं.

जाताना वहीवरून एक पान तयार करा: कधीपासून, काय बदललं, झोप, जेवण, काय घेतो, किती, पूर्वी फिट किंवा डोक्याला मार, नात्यात कुणाला असा आजार, सध्याची औषधं. ते पान डॉक्टरच्या हातात द्या आणि बाहेर बसा. डॉक्टर सज्ञान मुलानं सांगितलेलं तुम्हाला सांगणार नाहीत, तो त्याचा हक्क आहे, पण तुम्ही डॉक्टरला सांगू शकता. "काय म्हणाला हो तो?" हे केबिनच्या दारात विचारू नका, तो ऐकतोय.

भरती: साधारणपणे सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीनं भरती होतो. धोका असेल आणि त्याला निर्णय घेता येण्यासारखी अवस्था नसेल तर कायद्यात त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्यानं नेमलेला माणूस, नेमला नसेल तर बहुधा जवळचा नातेवाईक) अर्जावर भरतीची सोय आहे, पण त्याला दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि ती भरती सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच असते. काही केंद्रं फोनवरच सांगतात, "गाडी पाठवतो, चार माणसं येतील, उचलून नेतो." नको. केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारा, तिसऱ्याला "पहिले तीन महिने भेट नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. झोपेत उचलून नेलेला मुलगा परत आल्यावर घरात दाराला आतून कडी लावून झोपतो, आणि पायरी ४ परत शून्यापासून.

८. औषध चालू झाल्यावर, आणि घसरल्यावर

डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पाचव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका आणि दोन महिन्यांनी "आता बरा आहे" म्हणूनही नाही, दोन्ही डॉक्टरला विचारून. झोप फार येते, हात थरथरतात, तर ओपीडीला सांगायचं, डोस बदलता येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी एकदम वाढली किंवा मरायची भाषा आली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

घसरला तर त्या रात्री काहीही बोलू नका. पाणी, झोप, एका कुशीवर झोपवा म्हणजे उलटी झाली तर घशात अडकत नाही. उठवून उठत नसेल, श्वास संथ किंवा तुटक वाटत असेल तर १०८.

दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, दोनच प्रश्न: "काल काय झालं होतं त्याच्या आधी?" आणि "डॉक्टरची तारीख अलीकडे घ्यायची का?" पैशाचे नियम आहेत तेच, शिक्षा म्हणून जास्त कडक नाही आणि दया म्हणून ढिलेही नाही. आजीला परत एकदा आठवण करून द्या, कारण नेमकी याच वेळी तिची पर्स उघडते. आणि वहीत त्या दिवसाची नोंद करा, वेळ, प्रसंग, कोण भेटलं होतं, पुढच्या ओपीडीला ते पान सोबत न्या.